न हसणारा नाच

ऑकलंडला वाढलेली मी अबेमामा बेटावर आमचा नाच शिकताना हसले, की तेबुआ आत्या खेकसायची, "दात झाक! पक्षी कधी हसतो का? उत्सवात हसलीस, तर पुन्हा नाचायला उभी करणार नाही." मग किनाऱ्यावर नेऊन, पंख न हलवता वाऱ्यावर तरंगणारा काळा पक्षी दाखवायची. "बघून घे नीट. आपला नाच त्याच्याकडूनच आलाय."

उत्सवाच्या दिवशी सभाघरासमोर मी दोन्ही हात पसरले. मान तेवढी झटक्यासरशी वळली. हसू आलंच नाही, डोळे मात्र वाहू लागले.

एवढ्यात माझ्यावर सावली पडली. तो पक्षी अगदी खाली येऊन वाऱ्यावर थांबला होता.

आत्याने वर पाहिलं आणि त्याला दरडावलं, "बघून घे नीट."