कुसाबाईची साक्ष

"बयाबाई हाऽऽजीर हो!"

पट्टेवाल्यानं पुकारा केला आणि सुवर्णा ताठ बसली. शेजारी बसलेल्या बापूंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिचा हात घट्ट धरला.

"मी नको नको म्हणत होतो या बयाला," ते पुटपुटले. "कोर्टात अंगात आलं तर केसचं वाटोळंच झालं समज."

साल अठ्ठ्याण्णव. नाशिकच्या फूलबाजारात झेंडू घेऊन रोज येणारी ही माणसं, पण कोर्टाची पायरी आजवर कुणी चढलं नव्हतं. आरोपीच्या पिंजऱ्यात चिमाजी भगत उभा होता. पेठकडचा म्हातारा. बापूंनीच त्याला आणला होता, सुवर्णाच्या आईचं भूत काढायला.

आईला, कुसाबाईला, झपाटलं होतं. माहेराकडून मिळालेला मळा विकायची गोष्ट निघाली की ती भांडी फेकायची, "मेले तरी अंगठा देणार नाय," म्हणून किंचाळायची. ही आपली कुसा नव्हेच, हिच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलतंय, असं बापू सांगायचे. लोकांनाही पटलं. जी बाई नवऱ्यापुढं कधी मान वर करत नव्हती, ती असं बोलेल तरी कशी?

मग एका संध्याकाळी चिमाजी आला, धुनी पेटली, आणि दिवे लागायच्या आत आई गेली. गळा दाबलेला. भूत हुसकता हुसकता मेल्यानं माझी आईच हुसकली, असं म्हणत सुवर्णा किती रडली!

चिमाजीचं म्हणणं एकच. "मी उतारा टाकाय तिठ्यावर गेलतो. आलो तं बाई गार." आता उतारा टाकायला निघालेला माणूस वाटेत कुणाशी बोलत नाही, मागं वळून बघत नाही. आणि तो दिसला की बघणारेच तोंड फिरवतात. त्याला पाहिलं म्हणून सांगायला येणार कोण? बापू तर मळ्यात पाणी भरत होते.

"सुटला ना, तर तुला धरील तो," बापूंनी तिला सांगितलं होतं. "पुढची पाळी पोरीची, असं बोललाय मला." त्या दिवसापासून सुवर्णाची झोप उडाली होती. अंगणात पान वाजलं तरी ती दचकायची.

बयाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात चढली. आईची थोरली बहीण, विधवा. त्या दिवशी घरामागं गोठ्यात होती म्हणून बचावाच्या वकिलांनी, आहेरांनी, तिला बोलावलं होतं. आईच्या दहाव्यालाच तिच्या अंगात आलं होतं. आवाज हुबेहूब आईचा. बापू भरल्या ताटावरून उठून मळ्याकडं पळाले होते. माणसानं बायकोवर इतकाही जीव लावू नये बाई!

शपथ झाली. आहेरांनी विचारलं, "त्या वेळी चिमाजी घरात होता का?"

बयाबाईची मान हलायला लागली. आधी हळू, मग जोरात. अंबाडा सुटला, केस तोंडावर आले. घशातून घरघर निघाली.

"सुबे," ती म्हणाली, "जेवलीस का गं?"

सुबे! आईशिवाय तिला असं कुणीच हाक मारत नव्हतं. मागच्या बाकावरच्या बायकांनी "अगं आई गं!" म्हणून तोंडाला पदर लावला. पिंजऱ्यातल्या चिमाजीनं डोळे मिटून हात जोडले.

"हे सोंग आहे!" सरकारी वकील ओरडल्या.

"शांत राहा," जज्जसाहेब म्हणाले. ते शहरातले, असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारे. बाई भगताला घाबरून असं करतेय, एवढंच त्यांना वाटलं. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?"

"कुसा."

"बरं. मग कुसाबाईला कुणी मारलं?"

बापू अर्धवट उठले. "चल पोरी, बाहेर चल. मला नाय बघवत हे." त्यांचा हात घामानं भिजला होता.

बिचारे बापू! सुवर्णानं तो हात सोडला नाही. "थांबा हो बापू, आता सांगंल ती." आणि मनातल्या मनात तिनं आईचे पाय धरले. चिमाजी म्हण, आई. एकदाच म्हण. नाहीतर हा मला जगू द्यायचा नाही गं.

बयाबाईनं चिमाजीकडं पाहिलं. मग नजर खाली वळवली आणि नकारार्थी मान हलवली.

"माहीत नाही?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"माहीत हाय की. पर सांगू कसं? एवढ्या लोकांत?"

"इथं तुम्हाला कुणी काही करणार नाही," जज्जसाहेब म्हणाले. "बिलकूल घाबरू नका. सगळ्यांसमोर नाव घ्या."

बयाबाईनं केस मागं सारले. पदर डोक्यावर घेतला, नीट कपाळापर्यंत ओढला. नव्या नवरीनं लाजावं तशी ती गालात हसली आणि आईच्या आवाजात म्हणाली,

"झेंडूच्या तोरणाला आंब्याचं पान,
बहिरूरावांचं नाव घेते, राखते साहेबांचा मान."