दोन सारखे फोटो

किल्लारीत भूकंप झाला त्या सकाळी तय्यबनं ढिगाऱ्यांचे छत्तीस फोटो काढले आणि दुपारी लातूरच्या आपल्या स्टुडिओत रोल धुतला. वर्तमानपत्राला त्यातला सर्वांत चांगला एकच फोटो पाचच्या एसटीनं पाठवायचा होता. पडलेल्या माती-लाकडाच्या माळवदाचे दोन फोटो मनात भरले, पण दोन्ही सारखेच दिसत होते. निवड होईना म्हणून त्यानं भिंग लावलं. मातीतून बांगड्या भरलेला हात बाहेर आला होता. पहिल्या फोटोत मूठ मिटलेली, दुसऱ्यात बोटं उघडी. "सालेहा, बाई जिंदा हाय!" बायकोला ओरडून सांगत त्यानं स्कूटर काढली. किल्लारीत जवानांना जागा दाखवली. दिवस मावळताना त्यांनी तिला बाहेर काढलं. तय्यबनं पाणी पाजलं. ती पुटपुटली, "सकाळी कोनतरी इथंच हुभं व्हतं, दादा. पावलं ऐकू आली. लई हात हलविला म्या." 'तो मीच होतो' हे त्याच्या तोंडून निघेना.