निकाल उंबऱ्याबाहेर

खुट्कन कडी वाजली. बंद टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या खारूताईने मान न वळवताच बजावलं, "आई, काही बोलू नकोस हं."

"मी काय बोलणार? मला तरी कुठे काय माहीत आहे," आई म्हणाली. कानांतले कापसाचे बोळे तिने मुलीला दिसतील असे काढले आणि खिडकीत ठेवले.

शेजारच्या मावशी शिलाईची कामं घ्यायच्या. खारूताईच्या सोबतीला बसल्या बसल्या त्यांनी दाताने दोरा तोडला. "बोळे घालून रस्त्याने हिंडतेस. एक दिवस गाडीखाली येशील, आणि निकाल तेवढा कळायचा राहून जाईल."

"हिने त्रास नाही ना दिला?"

"छे गं, गरीब गाय. दुपारभर माझ्याकडे बटणं निवडत होती." मावशी गुडघे धरून उठल्या. "घसा तेवढा बसलाय. गार पाणी देऊ नकोस."

आई इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. चादरींना रविवार नसतो, आणि मॅच तर नेमकी रविवारी दुपारी. म्हणून मायलेकींनी घरापुरता एक नियम केला होता. मॅच रेकॉर्ड करायची, संध्याकाळी एका चादरीत पाय घालून बघायची, आणि चपलांसारखा निकालही उंबऱ्याबाहेर ठेवायचा.

आईला लहानपणी तिचे वडील खांद्यावर बसवून मैदानावर न्यायचे. शेवटच्या मिनिटाला काय होणार हे त्यांनाही ठाऊक नसायचं. त्यांच्या मानेची शीर तिच्या मांडीला थडथड लागायची. एवढा मोठा माणूस आपल्याइतकाच घाबरलाय, याचं तिला कोण सुख वाटायचं. तेवढं एक लेकीला द्यायचं होतं. बूट, दप्तर, सहल सगळं उशिरा का होईना होत होतं. हे मात्र उशिरा देता येत नाही, हे तिला इस्त्री फिरवता फिरवता कळून चुकलं होतं.

कारण बोळ्यांचा काही उपयोग नव्हता. वाफेच्या यंत्रावरच्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, ते उगाच नव्हे. आज पावणेचारला तो हात वर करून नाचत आला. "निळे जिंकले रे. एक-एक बरोबरी, मग पेनल्टी. आपल्या गोलकीपरने शेवटची अडवली." कापसातून आरपार. तिच्या इस्त्रीखाली चादरीला तिरकी घडी पडली.

बहुतेक रविवारी असंच व्हायचं. घरी येऊन खरं सांगितलं, तर पोरीची आठवडाभर जपलेली संध्याकाळ पाण्यात. मग ती हळूहळू शिकली, श्वास कुठे रोखायचा, डोळे कुठे झाकायचे, "गेलं गं गेलं" कुठे म्हणायचं. पोटच्या पोरीपुढे नाटक करायचं, आणि तेही बेमालूम.

"कोण जिंकेल गं आज?" चादर ओढून घेत तिने विचारलं.

"निळे," खारूताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग जरा थांबून, "बहुतेक."

पूर्वार्धात निळ्यांवर एक गोल चढला. आईने कपाळाला हात लावला. खारूताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, "होईल गं, होईल," अगदी आजीबाईसारखा.

उत्तरार्धात आईने चहा आणला.

"कप खाली ठेव ना."

"का गं?"

"उगाच. सांडशील."

आईने कप खाली ठेवला, आणि निळ्यांच्या नऊ नंबरवाल्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. आईने वेळ साधून आरोळी ठोकली. शेजारी पाहिलं, तर खारूताई पडद्याकडे नाही, तिच्याच तोंडाकडे बघत हसत होती.

मग पेनल्टी. शेवटच्या फटक्याला आईने लेकीचा हात घट्ट धरला. हात कोरडा होता, निवांत. काय धीराची आहे पोर, तिला वाटलं. आपण या वयात वडिलांचे केस उपटायचो.

गोलकीपर डावीकडे झेपावला. चेंडू अडला.

आईने पोरीला उचललं, दोन गिरक्या घेतल्या, किंचाळली, हसली. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. कधीतरी ही मोठी होईल आणि तिला उमगेल, की या घरात तिच्या आईचा जीव एकदाही खरा टांगणीला लागला नव्हता. तेव्हा काय तोंड दाखवायचं?

ती धापा टाकत खाली बसली. खारूताई तिच्या मांडीवरून उतरली नाही. तिने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मागच्या रविवारपेक्षा आज छान ओरडलीस तू," ती म्हणाली. "पण आई, आपल्या दोघींनाही आधी माहीत नसेल, अशी मॅच आपण कधी बघायची?"