शाबूत डोकं

"डोक्यावर मारू नका!" ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या उतरत मी ओरडले. तोंडाला फेस आलेल्या कुत्र्याला लाठ्यांनी घेरलं होतं. "डॉक्टरीणबाई, याची दया येते तुम्हाला?" ढुंढिराजगुरुजी गरजले. "नातीचा गाल फाडलाय यानं! सुई लावायला नेलंय तिला!" कुणीतरी मला भिंतीवर आदळलं. दया कसली डोंबलाची! इथं रेबीज किती आहे ते मी सिद्ध केलं, तरच सरकार त्याला गंभीर रोगांत धरणार आणि कुत्र्यांसाठी लस पाठवणार. तपासणीला अख्खा मेंदू लागतो. मला मात्र दरवेळी चिरडलेली डोकी मिळत आणि माझा अहवाल कोरा राही. गुरुजींनी लाठी घातली. कवटी फुटली, रक्त डोकं न्यायला आणलेल्या माझ्या बर्फाच्या पेटीवर उडालं. ते धापा टाकत बसले. "आता तपासून सांगा. पिसाळलेला होता ना?" उत्तर पायरीवर सांडलं होतं. दुसरं कुत्रं ते चाटत होतं.