धापूची गाय

धापू गाय परत न्यायला आली, तेव्हा रत्नप्रभाबाई रिकामी चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर पडत होत्या. पाच दिवसांत दूध दिलं नाही तर धापूने आपली गाय घेऊन जायची, असं ठरलं होतं. आज पाचवा दिवस.

वासंतीला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी बंगल्यामागे एवढी जागा आहे, नवलकोलाचे वाफे झाले, कोंबड्या झाल्या, आता फाल्गुनात गाय यायलाच हवी, हा हट्ट तिचाच होता. बी.एस्सी. झालेल्या मुलीला शोभेल अशी तिने कारणंही शोधली होती. पेंड बदलली, वेळ बदलली, वासरू आधी सोडून पाहिलं, नंतर सोडून पाहिलं, सगळं वहीत टिपलं. आईचा हात तर साताऱ्याच्या गोठ्यात तयार झालेला. तरी गाय दूध चोरायची ती चोरायचीच.

जाण्याआधी एकदा धापू स्वतः धारेला बसली. बसल्याबरोबर ती नवऱ्याबद्दल बोलायला लागली. आळशी आहे, हुक्का सोडत नाही, सासूने उठ म्हटल्याशिवाय उठत नाही, घरचा उंट मेव्हण्याला देऊन बसलाय. गाय डोळे मिटून ऐकत होती आणि चरवीत धारा पडत होत्या.

वासंतीची पेन्सिल थांबली. चरवी तीच, जागा तीच, पेंड तीच. फरक एकच होता. तिने दोन सडांवर धापूला थांबवलं आणि विचारलं.

धापूला त्यात काही नवल वाटलं नाही. "बाईजी, बछड़ी थी तब से मेरे आदमी की बुराई सुनती आई है. बिना सुने दूध कैसे उतारेगी?"

वासंतीने उरलेल्या दोन सडांवर आईला बसवलं. "आई, अण्णांबद्दल बोल."

"ह्यांच्याबद्दल काय बोलायचं? देवमाणूस आहेत."

गायीने पाय उचलला.

रत्नप्रभाबाईंनी एकदा व्हरांड्याकडे पाहिलं. मग गायीच्या पोटाला कपाळ टेकून त्या हळूच म्हणाल्या, "ओला टॉवेल पलंगावर टाकतात. बावीस वर्षं."

चरवीत धार वाजली.

मग त्यांचं त्यांनाच थांबता येईना. सात बदल्या झाल्या, प्रत्येक वेळी हे डबा घेऊन पुढे आणि सामान बांधायला मी मागे. नागपूर सोडताना ट्रकमध्ये यांच्या फायलींच्या दोन पेट्यांना जागा होती, माझ्या मोगऱ्याच्या एका कुंडीला नव्हती. बोलता बोलता चरवीतला फेस काठाला आला. व्हरांड्यात दाढी करणाऱ्या उत्तमरावांच्या गालावरचा फेस मात्र वाळून गेला.

धापू एकटीच परत गेली.

उत्तमराव माणूस खरंच चांगला. त्याच दिवशी टॉवेल दोरीवर गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोगऱ्याचं रोप आणलं आणि गुडघे टेकून स्वतः लावलं. आठवड्याभरात ते सकाळचा चहाही करू लागले. रत्नप्रभाबाई धारेला बसायच्या, आठवून पाहायच्या आणि गप्प व्हायच्या. वासंतीच्या वहीत आकडे उतरत चालले: दीड शेर, सव्वा, एक, अर्धा. रविवारी धापू फाटकातून डोकावून गेली. तिच्या हातात दावं होतं.

सोमवारी सकाळी वासंती चरवी न्यायला आत आली, तेव्हा अण्णा दोरीवरचा वाळलेला टॉवेल बादलीत बुडवत होते. त्यांनी तो पलंगावर आईच्या बाजूला पसरला, सवयीने चारही कोपरे सरळ केले आणि मागे सरून पाहिलं. मग पुन्हा पुढे होऊन एक कोपरा चुरगाळला.

"अगं," त्यांनी हाक मारली, "धारेला बसण्याआधी जरा इकडे येऊन जा."