एक टक्क्याने चोर

"नाखवा, आज किती?" पहारेकरी शिर्केने विचारलं.

मोतीराम चोगलेने हेतू मोजणारी कपाळपट्टी काढून दाखवली. चाचेगिरी पन्नास, दहशतवाद पन्नास.

समुद्रतळ खणणारं जहाज थांबवायला त्याने त्यावर चढून यंत्रं फोडली होती. उतरताना मात्र डिझेलचं एक पिंप घेतलं. वाटा घेतल्याशिवाय होडी परतत नाही, ही त्याच्या गावची रीत. आकडे बरोबरीत असल्याने कुठलंच बंदर त्याला घेत नव्हतं; या कैदी-जहाजावर त्याचं तिसरं वर्ष होतं.

"एकच टक्का चोर व्हा की!" शिर्के म्हणाला. " चाच्यावर कुठलंही बंदर खटला चालवतं, दहशतवाद्याला कुणी उतरवून घेत नाही. डिझेल आठवा फक्त."

मोतीरामने पट्टी बांधून डोळे मिटले. डिझेल, डिझेल. "चाचेगिरी एक्कावन्न!" शिर्के ओरडला.

तेवढ्यात दुरून खणण्याची घरघर आली.

शिर्केने धावत जाऊन खिडकी लावली. तोवर चाचेगिरीचा आकडा चाळीसवर घसरला होता आणि मोतीरामच्या मुठी आवळलेल्या.