अण्णांचा कापूस

डॉक्टरांची नळी नाकाशी लागली आणि कुमुद हावळच्या नाकाची आठवण समोरच्या भिंतीवर उजळली. आयुष्यात ज्या ज्या धुळीवर ते नाक चिडलं होतं, तिचा कण न् कण तिथं ताऱ्यासारखा लुकलुकत होता.

"प्राध्यापकबाई, हा तुमचा खडू, ही ग्रंथालयातली धूळ," डॉक्टर बोट दाखवत म्हणाले. "शिकलेल्यांची नाकं नाजूकच! एकेक विझवला की शिंका बंद."

पण मधोमध एक पांढरा ढग होता, सगळ्यांत जुना.

"हा सुताचा. तुम्ही यंत्रमागावर होता कधी?"

"मी नाही, माझे वडील होते, अण्णा. इचलकरंजीला. पाळी संपवून आले की मला मांडीवर घ्यायचे. त्यांच्या केसांतला कापूस मी फुंकून उडवायचे. म्हणायचे, शीक बाई, म्हणजे हा तुझ्या नाकात जायचा नाही."

अण्णांचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. आणि इथं ते भिंतभर पसरले होते, तिच्या श्वासासरशी हलत होते.

"विझवू?" डॉक्टरांनी विचारलं.

कुमुदनं झटकन नाकाला पदर लावला.

"खडू विझवा," ती म्हणाली. "एवढा राहू दे. शिंकेन मी."